पाणी प्यायलं तरी हसणारा माझा डोळा

सुरुवात चूळ भरण्यापासून झाली. सकाळी ब्रश करून चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर. मला वाटलं झोपेत आहे अजून. परत भरली, परत तेच, म्हणजे ओठ मिटलाय असं मला वाटतंय आणि पाणी मात्र आरामात बाहेर चाललंय. आदल्या दिवशी डाव्या कानामागे दुखत होतं पण ते मी उशीवर ढकललं होतं, आणि संध्याकाळी नवऱ्याने भांडी लावताना एक झाकण पाडलं तर त्याचा आवाज डाव्या कानात असा काही घुसला की मी त्याच्यावर खेकसले होते. (बिचाऱ्याची माफी नंतर मागितली, त्याचं कारण पुढे येईलच.)

आरशात बघितलं तर चेहरा तसा ठीक दिसला, थोडा सुजल्यासारखा. नवरा म्हणाला, "अगं, हस बरं." मी हसले. आणि त्याचा चेहरा उतरला.

मी हसले होते फक्त उजवीकडे. डावी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट, गालाला घडी नाही, डोळ्याला सुरकुती नाही, काही म्हणजे काही नाही. दोघांच्याही मनात एकच शब्द आला पण कोणीच बोललं नाही. गाडीत बसलो आणि थेट इमर्जन्सीला.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. हात वर करा, धरून ठेवा, माझं बोट पकडा, हे वाक्य म्हणा वगैरे झालं आणि मग म्हणाल्या, "भुवया वर करा." उजवी गेली वर. डावी ढिम्म. तर बाईंच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्याचं दिसलं. मला राग आला हो, अर्धं कपाळ बंद पडलंय माझं आणि तुम्ही खूश कसल्या होताय! पण त्यामागचं गणित त्यांनी नीट सांगितलं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून वायरिंग असतं, त्यामुळे मेंदूत एका बाजूला स्ट्रोक झाला तर गाल आणि ओठ लटकतात पण कपाळ बहुतेक वेळा चालू राहतं. कपाळासकट सगळी बाजू गेली म्हणजे गडबड मेंदूत नसून चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेतच असण्याची शक्यता जास्त. बेल्स पाल्सी. चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८२१ मध्ये या नसेबद्दल लिहिलं म्हणून त्याचं नाव. आपल्याकडे ज्याला तोंडावरून वारं गेलं म्हणतात त्यातलाच हा प्रकार. आणि हे वाचून कोणी घरी भुवया वरखाली करून स्वतःचं निदान करू नका प्लीज, तोंड वाकडं झालं की आधी हॉस्पिटल, भुवयांचं तिथे बघतील.

मग "डोळे मिटा" म्हणाल्या. मी मिटले. म्हणजे मला तसं वाटलं. नवऱ्याने तेव्हा काढलेला व्हिडिओ अजून आहे, उजवा डोळा घट्ट मिटलेला आणि डावा अर्धा उघडा, आणि त्यात बुबुळ वर सरकून नुसता पांढरा भाग. भयपटात शोभेल असं. नंतर कळलं की डोळा मिटताना बुबुळ वर जाणं हे बहुतेकांचं होतं, पापणीआड असल्यामुळे दिसत नाही इतकंच. यालाही बेलचंच नाव आहे, माणसाने अख्ख्या चेहऱ्यावर नावाची पाटी लावून ठेवलीय.

झालेलं असं की चेहऱ्याची नस, म्हणजे सातवी क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांमधली सातव्या नंबरची), कानामागच्या हाडातल्या एका बोगद्यातून येते, साधारण तीन सेंटिमीटर लांब आणि सगळ्यात अरुंद जागी एक मिलिमीटरहूनही कमी रुंद. ही नस सुजली, बहुतेक वेळा एखाद्या जुन्या झोपलेल्या व्हायरसमुळे असा संशय असतो, की हाड काही सरकून जागा देत नाही, मग ती स्वतःच्याच सुजेने चिरडते. त्याच नसेतून कानातल्या एका इवल्याशा स्नायूला फांदी जाते, जो मोठा आवाज आला की दाबून धरतो, तो बंद पडला म्हणून ते झाकण बॉम्बसारखं वाजलं. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चवही तिच्यातूनच जाते, त्यामुळे आठवडाभर अर्ध्या जिभेला सगळं पत्र्यासारखं लागत होतं.

स्टेरॉइड लगेच सुरू केले. ७२ तासांच्या आत सुरू केले तर फायदा असतो आणि आम्ही पहिल्याच सकाळी पोचलो होतो. दहा दिवसांचा कोर्स. स्टेरॉइडवर झोप उडते हे ऐकून होते पण ही उडते म्हणजे पार घर सोडून जाते. पहाटे तीनला एक डोळा टेपने बंद करून दुसऱ्याने मोबाईलवर रिसर्च वाचत बसायचे. स्कॉटलंडमध्ये ५५१ पेशंटवर झालेला, २००७ मध्ये छापून आलेला एक अभ्यास सापडला, त्यात हे औषध घेतलेले ९४ टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे, न घेतलेल्यांतले ८२ टक्क्यांच्या आसपास. वाचून बरं वाटलं. पण मी ना, लहानपणापासून गणितात बाकी उरते त्यातली आहे, त्यामुळे ९४ बघून मला ६ च दिसत होते. आणि शेवटी गेले मी त्यातच.

डोळ्याचं काम सगळ्यात वैतागाचं. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ सुकणार, त्याला ओरखडा पडला तर नजरेवर बेतायचं. दिवसा दर तासाला ड्रॉप, रात्री जेल आणि वरून टेप. टेप लावायलाही कौशल्य लागतं, आडवी लावायची, पापणी खाली ओढून, पट्टीची कड डोळ्यात जाता कामा नये. तिसऱ्या रात्री नवऱ्याने लावली ती निम्मी भुवईवर. सकाळी त्याने एका झटक्यात ओढली आणि माझी अर्धी भुवई टेपला चिकटून आली. तो हातात टेप घेऊन उभा, त्यावर ते केस, आणि म्हणतो काय, "परत लावता येतील का गं?"

मी फुटले. म्हणजे आजार झाल्यापासूनचं पहिलं खरं हसू, पोटातून आलेलं, थांबता थांबेना असं. लेकही हसायला लागली आणि मग माझ्याकडे बघून मध्येच थांबली आणि हळूच म्हणाली, "आई, तू रडतेयस का?"

तो प्रश्न डोक्यात अडकून बसला. कारण आतून मी शंभर टक्के हसत होते. पोट हलत होतं, हा-हा आवाज नेहमीसारखाच येत होता, हसून हातपाय गळाले होते. (हे गळणं नुसतं बोलायला नसतं बरं का, हसताना पायाच्या स्नायूचा रिफ्लेक्स खरंच मंदावतो असं १९९९ मध्ये मोजून दाखवलंय.) फक्त चेहरा सोबत आला नव्हता. उजवा गाल ओढला गेलेला, डावा लोंबलेला, पापणी पाणी सावरत नसल्यामुळे डाव्या डोळ्यातून धार लागलेली. ध्वनी हसण्याचा आणि चित्र रडण्याचं.

तोपर्यंत हसणं ही मला एक गोष्ट वाटायची, ती निदान दोन निघाली. एक आवाजाचं यंत्र. आपण हसतो म्हणजे बाहेर जाणारा श्वास तुकडे तुकडे करून सोडतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसांची हसणी रेकॉर्ड करून मोजली, तर एकेक 'हा' सेकंदाचा साधारण पंधरावा भाग आणि एका 'हा'पासून पुढच्या 'हा'पर्यंत सेकंदाचा पाचवा भाग, आणि हे बऱ्यापैकी ठरलेलं. हे चालवतात डायफ्रॅम, बरगड्यांमधले स्नायू आणि घशातले स्वरतंतू, म्हणजे यांच्या नसा वेगळ्या, एक मानेतून खाली जाणारी, एक दहाव्या नंबरची वगैरे. सातवीचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे माझं हसण्याचं रेडिओ स्टेशन धडधाकट होतं, टीव्ही तेवढा गेला होता.

मी भाबडेपणाने डॉक्टरांना विचारलं होतं की ठरवून हसता येत नाहीये ते ठीक, पण खरंच हसू आल्यावर तरी गाल हलायला हवा ना? हा प्रश्न वेडगळ नव्हता असं त्या म्हणाल्या. 'हसा' म्हटल्यावर हसायचा रस्ता मेंदूच्या वरच्या पट्ट्यातून येतो आणि आपोआप आलेल्या हसण्याचा वेगळ्या, आतल्या भागांतून. काही स्ट्रोकच्या पेशंटना सांगून हसता येत नाही, ओठ वाकडाच राहतो, पण जोक ऐकला की दोन्ही बाजूंनी छान हसतात. याच्या उलटंही असतं. पण हे दोन्ही रस्ते मेंदूच्या बुंध्यात एकत्र येतात आणि तिथून पुढे एकच नस. माझा रस्ता त्या जंक्शनच्या पुढे खचला होता, त्यामुळे खरी गाडी असो नाहीतर खोटी, दोन्ही अडकलेल्या.

पुढचे दोन-तीन महिने सगळ्यात वाईट आणि ते दुखण्यामुळे नाही. मराठीत हसण्याला किती शब्द आहेत, मिश्कील, ओशाळं, गालातल्या गालात, खुदकन, खळखळून, माझ्याकडे एकच उरला होता, छद्मी. ओठाचं एकच टोक वर गेलं की समोरच्याला ते कुत्सितच वाटतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत की दुसरं टोक रजेवर आहे. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर एकाने काहीतरी नवीन मांडलं, मला मनापासून आवडलं, मी हसून मान डोलावली तर तो थांबून म्हणाला, "मॅडम, काही चुकलंय का?" त्यानंतर मी कॅमेरा बंद ठेवायला लागले. समोर कोणी असलं की हसताना तोंडावर हात. मग हळूहळू हसण्यासारखं काही बोलणंच टाळायला लागले, आणि माणसं पण माझ्याशी बोलताना हसेनाशी झाली कारण परत काही येतच नाही तर कोण कशाला टाकेल. प्रोव्हाइनच्याच नोंदींमध्ये होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट जास्त चारचौघांत हसतो, आणि ते बहुतेक वेळा जोकवर नसतंच, "बरं, येते मी" असल्या साध्या वाक्यांवर असतं. ते वाचलं तेव्हा मी माझ्या तीसपटातलं काय काय गेलंय ते मोजत बसले.

याच काळात धाकट्या बहिणीचं बाळ दोन महिन्यांचं होतं, म्हणजे नुकतंच समोरच्याकडे बघून हसायला लागण्याचं वय. मला त्याला घ्यायचीच भीती. त्याने बोळकं उघडून हसावं आणि मी त्याला अर्धा दगड दाखवावा? बहिणीने ऐकलं नाही, दिलं मांडीवर. ते बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिलं, डावीकडे, मग उजवीकडे, जणू कुठल्या खिडकीत माणूस आहे ते शोधतंय, आणि मग उजव्या बाजूकडे बघून हसलं. मी घाईघाईने मान वळवून उजवा गाल पुढे केला. पुढे दोनेक महिन्यांनी त्याला आवाज काढून हसता यायला लागलं तेव्हा तर प्रश्नच मिटला, मी नुसतं "हॅ" केलं तरी खिदळायचं, चेहऱ्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

सल्ले देणाऱ्यांचं वेगळंच. फुगे फुगव, च्युइंगम चघळ, आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, हसत राहा म्हणजे मन आपोआप आनंदी होतं. अहो तेच तर येत नाहीये! शिवाय ते तितकं सरळही नाही. १९८८ मध्ये एक प्रयोग झाला होता, लोकांना दातात पेन धरायला लावलं म्हणजे चेहरा नकळत हसरा होतो आणि मग कार्टून जास्त मजेशीर वाटतात असं निघालं, आणि तेव्हापासून ते सगळीकडे सांगितलं जातं. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला तर तो परिणाम काही मिळाला नाही. नंतर इतर पद्धतींनी थोडासा परिणाम दिसलाय म्हणतात, पण माझा स्वतःचा अनुभव सांगते, अर्ध्या चेहऱ्याने मला आनंद अर्धा झाला नाही. आनंद पूर्णच व्हायचा. तो पोचायचा नाही, त्याचा त्रास व्हायचा.

फिजिओथेरपिस्टने फुगे आणि च्युइंगम दोन्ही बंद केलं. म्हणाली, "जोर लावायचा नाही. तुम्ही जोर लावला की उजवी बाजूच जास्त ओढते." चेहऱ्याचे स्नायू वेगळे असतात, हातापायाच्या स्नायूंसारखे दोन्हीकडून हाडांना बांधलेले नसतात, बरेचसे कातडीला चिकटलेले असतात, आणि स्नायू किती ताणला गेलाय हे मेंदूला सांगणारे सेन्सर त्यांच्यात जवळजवळ नसतात. म्हणजे डोळे मिटून आपला हात कुठे आहे ते कळतं तसं ओठाचं टोक नेमकं कुठे आहे ते कळत नाही. म्हणून आरसा लागतो.

मग रोज सकाळ-संध्याकाळ आरसा. उजव्या गालावर तळहात ठेवून त्याला जरा आवरायचं, डाव्या ओठाच्या टोकाला एक बोट लावायचं आणि हसायचं नाही, हसण्याचा विचार करायचा. इतकं हळू की घड्याळाच्या काट्याला लाज वाटावी. तीन आठवडे काही नाही. दोन महिने काही नाही. नसेची टेस्ट केली, सुया टोचून करतात ती, तर डॉक्टर म्हणाले तंतू बरेच मेलेत पण सगळे नाहीत, वाढतील, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मी टेप घेऊन कानामागून ओठापर्यंत मोजलं. मोजायला नको होतं.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी नाकपुडीच्या बाजूला काहीतरी फडफडलं. मला वाटलं भास झाला. लेकीला बोलावलं, टॉर्च मारायला लावला, दोघी आरशाला नाक लावून उभ्या. "परत कर." केलं. "आई, हललं! मुंगीएवढं हललं!" त्या रात्री आम्ही दोघी उगाचच नाकपुड्या फुगवत बसलो होतो.

नंतर भराभर येत गेलं. पापणी मिटायला लागली, टेप गेली, पाणी तोंडात राहायला लागलं. सहाव्या महिन्यात मी कॅमेरा चालू केला. आणि त्याच आठवड्यात लेक जेवताना म्हणाली, "आई, तू बाबांना डोळा का मारतेस सारखी?"

मी कोणालाही डोळा मारत नव्हते. मी पाणी पीत होते.

याला सिंकायनेसिस म्हणतात. नस म्हणजे एक तार नसते, हजारो तंतूंचा जुडगा असतो, आणि मेलेले तंतू परत वाढताना आपली जुनी नळी सापडेलच असं नाही. ओठाकडे जाणारे काही तंतू डोळ्याच्या स्नायूत जाऊन बसले. आता मी ओठांचा चंबू केला की डावा डोळा बारीक होतो, पाणी प्यायले की, शिट्टी वाजवली की, 'प' म्हटलं की. काहींचं तर लाळेकडे जाणारं कनेक्शन अश्रूंकडे जातं आणि जेवताना डोळ्यातून पाणी येतं, त्याला खरंच मगरीचे अश्रू असं नाव आहे, मी त्यातून वाचले.

यातली गंमत कळायला ड्युशेन माहीत पाहिजे. हा फ्रेंच डॉक्टर लोकांच्या चेहऱ्याला विजेचे हलके झटके देऊन कुठला स्नायू काय करतो ते बघायचा आणि फोटो काढायचा. १८६२ मध्ये त्याने मांडलं की ओठ वर ओढणारा गालाचा स्नायू आपलं ऐकतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय हलत नाही, म्हणून खरं हसू डोळ्यांत दिसतं. डार्विनने पुढे त्याचेच फोटो वापरले. अशा हसण्याला आजही ड्युशेनचं हसू म्हणतात. (नंतर असं दिसलंय की बरेच जण मुद्दामही डोळा आणू शकतात, पण कल्पना टिकली.) तर माझा डावा डोळा आता या कसोटीवर चोवीस तास पास आहे. नावडत्या माणसाला तोंडदेखलं हसले तरी डोळा मनापासून हसतो. घसा खाकरला तरी प्रसन्न. ड्युशेनला भेटवला असता मी तो.

त्यावर डोळ्याजवळ बोटॉक्सची चार बारीक इंजेक्शनं घेऊन झाली, तीन-चार महिने स्नायू जरा सैल पडतो, मग येरे माझ्या मागल्या. खरं काम परत आरशापुढेच, पण आता उलटं. आधी बाजू हलवायला शिकत होते, आता डोळा न हलवता ओठ हलवायला शिकतेय. फिजिओने सांगितलं प, ब, म ची वाक्यं म्हणायची, हळू, डावा डोळा मोठा ठेवून. लेकीने वाक्य बनवून दिलं, "बंड्याच्या बापाचा पोपट पंप पुसतो." रोज रात्री दात घासून झाल्यावर आम्ही दोघी बाथरूमच्या आरशापुढे. ती माझ्या डोळ्यावर लक्ष ठेवते आणि मोजते. बंड्याच्या, एक. बापाचा, डोळा थरथरला पण टिकला. पोपट ला सगळ्यात अवघड. सध्याचं रेकॉर्ड सलग सात वेळा आहे, आठव्याला ती कायम मागून पोपटाचा आवाज काढते, मग मी हसते, डोळा गपकन मिटतो आणि ती म्हणते, "आउट. पहिल्यापासून."